‘गाव क’ व्हायवाला आलं

निवृत्त झाल्यापासून माझ्या मोबाईलवर दोन ठिकाणचे मेसेज न चुकता येतात. एक आमच्या नगरजवळच्या भिंगारच्या चर्चमधल्या महिला मंडळाचे आणि दुसरे राज्यशास्त्र विभागाचे. मंडळाच्या मेसेजमध्ये कोण आजारी आहे ते कळतं, विभागाच्या मेसेजमध्ये कोण पास झालं ते. यंदा आमचे सध्याचे विभागप्रमुख कदम सर यांनी ‘विभागाच्या ताज्या घडामोडी’ असा मथळा देऊन भलंमोठं काहीतरी पाठवलं. दोघी मुली प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाल्या. युवा संसदेत आमच्या विरोधी पक्षाला बक्षीस मिळालं (सत्ताधारी बाकावरची मुलं तेव्हापासून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत असं ऐकते). पुणतांब्याकडचा आमचा एक माजी विद्यार्थी ग्रामपंचायतीवर निवडून आला. आणि शेवटून दुसरी ओळ अशी होती : ‘यास्मिन शेख यांना पीएच.डी. पदवी प्राप्त. मार्गदर्शक म्हणून मॅडमचे अभिनंदन.’ खाली कदम सरांनी लिहिलं होतं, ‘काही राहिलं असल्यास भर घालावी.’

भर घालायची तर मला या एकाच ओळीत घालायची आहे. कदम सर स्वतः त्या दिवशी हजर होते, खुर्चीत बसून घाम पुसत होते, तरी त्यांनी ते सगळं एका ओळीत बसवलं. त्यांचा दोष नाही. विभागप्रमुख असताना मीही अशाच ओळी लिहिल्या आहेत. ‘घवघवीत यश’ आणि ‘सर्व स्तरांतून अभिनंदन’ हे शब्द माझ्या हातून इतक्यांदा गेलेत की ते स्तर नक्की कोणते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आधी आमच्या धंद्याविषयी थोडं सांगते, कारण राज्यशास्त्र म्हटलं की लोकांचा हमखास गैरसमज होतो. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. निवडणूक लागली की ते कुंपणापाशी येऊन विचारतात, “काय मॅडम, यंदा कोण?” मी मनापासून अंदाज सांगते आणि तो मनापासून चुकतो. आता ते माझा अंदाज ऐकून घेतात आणि चौकात जाऊन त्याच्या उलट पैज लावतात. पदार्थविज्ञानाच्या बाईंना कुणी उद्या पाऊस पडेल का विचारत नाही, पण आमच्याकडून ही अपेक्षा असते.

एकदा तर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स घेऊन विभागात आले. नगरपालिकेच्या एका वॉर्डातून त्यांना उभं राहायचं होतं. ‘विभागाच्या सर्वेक्षणानुसार आघाडीवर’ असं त्यांना लेटरहेडवर लिहून हवं होतं. मी म्हटलं, “लिहून देऊ की. पण आधी सर्वेक्षण करू.” एम.ए.ची मुलं उत्साहानं वॉर्डात फिरली आणि हिरमुसली होऊन परत आली. यांचं नावच बहुतेकांना माहीत नव्हतं. ते ऐकून गृहस्थ म्हणाले, “मॅडम, सर्वेक्षण परत घ्या. मी तवर जरा फिरून येतो.” आणि खरंच फिरले हो. निवडून आले नाहीत, पण एक उमेदवार निवडणुकीआधी वॉर्डात दिसला, याचं श्रेय आमच्या विभागाला आहे आणि ते कुठल्याही अहवालात नाही.

तर आमचं खरं काम भाकीत करायचं नसून बघायचं आहे. माणसं एकत्र बसून निर्णय कसे घेतात, कोण बोलतं, कुणाचं ऐकलं जातं, हे नीट बघायचं आणि लिहायचं. पीएच.डी. म्हणजे तेच, फक्त लांबलचक. शेवटी प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि मग खुली मौखिक परीक्षा होते. तिला सगळे व्हायवा म्हणतात. ‘खुली’ म्हणजे कुणीही यावं, ऐकावं, प्रश्नसुद्धा विचारावा. बोर्डावर तसं लावतात. प्रत्यक्षात येतात ते विभागातले सहकारी, उमेदवाराचे नातेवाईक आणि जेवणाची वेळ गाठून इतिहास विभागातले दोन प्राध्यापक. प्रश्न आधीच एकमेकांना वाटून दिलेले असतात. ज्यांच्यावर प्रबंध लिहिला ती माणसं कधी येत नाहीत. माझ्याकडे इतक्या जणांनी प्रबंध लिहिले, कुणी ऊसतोड कामगारांवर, कुणी सहकारी संस्थांवर, पण त्यातलं कुणी हॉलच्या दारात उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. याची मला खंत वाटायची. ते प्रबंध ग्रंथालयात काचेच्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे आहे.

यास्मिन माझी शेवटची विद्यार्थिनी. तीही भिंगारचीच. तिच्या अब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान आहे आणि कॅम्पातल्या फौजी लोकांचे युनिफॉर्म ते शिवतात. मुलगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. विभागात एक कायमची जागा निघणार होती आणि पीएच.डी. हातात असली तरच मुलाखतीला उभं राहता येणार होतं.

तिचा विषय होता ग्रामसभेतला महिलांचा सहभाग. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरतीच होते. यास्मिननं अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाचं, भंडारदरा धरणाच्या पाण्यापलीकडचं भाताचं गाव निवडलं. गावाचं नाव लिहीत नाही. संशोधनात नाव झाकायची रीत असते, म्हणजे खरं बोलल्याचा कुणाला त्रास होत नाही. प्रबंधात ते सगळीकडे ‘गाव क’ आहे.

नगरहून तिथे जायचं म्हणजे संगमनेर, मग अकोले, मग वर घाटात जाणारी जीप, ती भरेपर्यंत थांबायचं. यास्मिन ग्रामसभा असेल तेव्हा जायचीच, नसेल तेव्हाही जायची. भातलावणीत गुडघाभर चिखलात उभी राहिली, वाकून पाठ धरली म्हणून बायका तिला हसल्या. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे रडवेल्या तोंडानं आली होती. “मॅडम, बायका सभेला येतात, बसतात आणि गप्प बसतात. एक बाई उठून दोन वाक्यं बोलते, संपलं. लिहू काय मी?” मी म्हटलं, “तेच लिही. बायका बोलत नाहीत, हाही निष्कर्षच आहे.” दुसऱ्या वर्षी ती आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं. म्हणाली, “मॅडम, माझी अम्मी कधी अब्बांपुढं वाद घालत नाही. ती गप्प झाली की अब्बा मशीन थांबवतात आणि विचारतात, काय ठरलं? कारण ती गप्प असते तेव्हा काहीतरी ठरलेलं असतं. त्या गावात तेच चाललंय.”

मग ती सभेआधीच्या दिवसांत जायला लागली. तेव्हा तिला दिसलं की सभेच्या आदल्या दिवसापर्यंत बायका शाळेच्या ओट्यावर बसून कडाकडा भांडतात. रेशन, पाण्याची टाकी, अंगणवाडीची बाई, सगळ्यावर. ठरेपर्यंत भांडायचं आणि मग कुणी बोलायचं तेही ठरवायचं. सभेत ती एकटी बोलते (बहुतेकदा हिराबाई नावाची एक बाई), बाकीच्या गप्प. हे तिनं एका स्वतंत्र प्रकरणात मांडलं : बायकांचं मौन म्हणजे गैरहजेरी नव्हे, ती त्यांची निर्णय घ्यायची पद्धत आहे. मला ते प्रकरण फार आवडलं. इतकं की त्यातल्या त्रुटी शोधायला मला स्वतःला दटावावं लागलं.

परीक्षकांपैकी एकांना मात्र ते पटलं नाही. दुसऱ्या विद्यापीठातले वजनदार प्राध्यापक, वाचन दांडगं, स्वभावानं सभ्य. त्यांनी अहवालात लिहिलं की हे प्रकरण ‘संशोधिकेच्या सहानुभूतीतून आलेले’ दिसते, मौखिक परीक्षेत समाधान न झाल्यास प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवावा. म्हणजे ते प्रकरण काढायचं किंवा उलट करायचं, पुन्हा सगळं चक्र, आणि तोवर ती जागा गेली असती. यास्मिनला जागेपेक्षा दुसरंच लागलं होतं. ती म्हणाली, “मॅडम, मी ते काढलं तर बायका बोलतच नाहीत असं मीच लिहून दिल्यासारखं होईल.” मी तिला धीर दिला आणि घरी जाऊन ते प्रकरण परीक्षकाच्या नजरेनं पुन्हा वाचलं.

व्हायवाच्या दिवशी सकाळी मी हॉलवर गेले तर पायऱ्यांवर नऊवारी लुगड्यातल्या आणि सहावारी साड्यांतल्या आठ-दहा बायका बसलेल्या. यास्मिननं त्यांना तारीख सांगताना सहज म्हटलं होतं, ‘खुली असते, कुणीही येऊ शकतं.’ तिनं ते शिष्टाचार म्हणून सांगितलं, त्यांनी ते ग्रामसभेची दवंडी ऐकावी तसं ऐकलं. आदल्या दिवशीच जीपनं खाली उतरून, एसटी बदलत त्या आल्या होत्या. पुढची बाई उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदलेलं. यास्मिनच्या बोलण्यातली हिराबाई हीच, हे न सांगता कळलं. मला म्हणाली, “कोरम झाला का बाई? हजेरी कुटं मांडायची?”

मी हजेरीचा कागद पुढे केला. आमच्या हॉलमध्ये कोरम कधी कुणी विचारला नव्हता.

सादरीकरण चांगलं झालं. यास्मिन सुरुवातीला भरभर बोलली, मग तिचा आवाज स्थिरावला. तिचे अब्बा नवा शर्ट घालून मागच्या रांगेत ताठ बसले होते. मग हरकत घेणाऱ्या त्या परीक्षक सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “मौनाला पुरावा काय? त्या बोलत नाहीत आणि तुम्ही त्यांच्या वतीनं अर्थ लावता. हा अर्थ त्यांचा की तुमचा?” यास्मिननं आपल्या नोंदी सांगितल्या, मुलाखती सांगितल्या. सर म्हणाले, “मुलाखती तुम्ही घेतल्यात, नोंदी तुम्ही लिहिल्यात. माझा प्रश्न तिथेच आहे.” प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या जागी असते तर हाच विचारला असता, हे जास्त त्रासदायक होतं.

तेवढ्यात त्यांची नजर मागं गेली. “या कोण?”

कदम सर अध्यक्षस्थानी होते. ते म्हणाले, “सर, त्या... गाव क आहे.”

परीक्षक सरांना आनंदच झाला. “मग त्यांनाच विचारू की! ताई, तुम्ही ग्रामसभेत बोलत का नाही?”

आणि बायका गप्प झाल्या. एकीनंसुद्धा तोंड उघडलं नाही. कुणी पदर सावरला, कुणी फरशीकडे बघत राहिली. हिराबाईनं शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीनं तिच्या पलीकडचीकडे, आणि ते बघणं रांगेच्या टोकाला जाऊन तिथेच थांबलं. सरांनी पुन्हा विचारलं, अगदी मायेनं विचारलं. काही नाही. इतिहासवाल्यांपैकी एक जण खोकला. सर यास्मिनकडे वळून म्हणाले, “बघा,” आणि त्या एका शब्दात तिचं ते प्रकरण गेलं असं मला वाटलं. मार्गदर्शकानं अशा वेळी बोलायचं नसतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

यास्मिन मात्र बायकांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर घाबरण्याऐवजी हसू यायला लागलं होतं. ती अध्यक्षांकडे वळली. “सर, सभा थोडा वेळ तहकूब करावी अशी विनंती आहे.”

“सभा?” कदम सर म्हणाले. “तहकूब?” त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. व्हायवा तहकूब करण्याबद्दल त्यात काही नव्हतं. करू नये असंही नव्हतं. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि कदम सरांनी सुटकेचा निःश्वास टाकून चहापान जाहीर केलं.

बायका उठून बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली गेल्या. आणि आतापर्यंत तोंड शिवलेल्या त्या बायकांचा जो काही कल्ला सुरू झाला! हातवारे, एकमेकींना ढकलणं, एक तर उठून रागानं लांब जाऊन उभी राहिली, तिला दोघींनी ओढून आणलं. परीक्षक सर कप घेऊन खिडकीशी उभे होते. चहा पिण्याचं त्यांचं भान गेलं होतं. मी दाराकडे निघाले, बायकांना जरा समजावून सांगावं म्हणून. यास्मिननं माझा हात धरला. “मॅडम, नको. आपण गेलो की ते उत्तर आपलं होईल.” तीस वर्षं शिकवल्यावर विद्यार्थिनीनं हात धरून थांबवावं, याचं मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बायका परत आल्या, जागेवर बसल्या, पुन्हा गप्प. फक्त हिराबाई उभी राहिली.

“आमचं ठरलंय. मी बोलते. सायेब, तुमी इचारलं सभेत का बोलत न्हाई. आमी बोलतो की, पर आदी बोलतो. समद्या सभेत बोलल्या तर कोन काय म्हनलं त्ये घरोघर जातं, आन मंग ज्याच्या त्याच्या चुलीपशी भांडान. एकीनं बोललं म्हंजी त्ये समद्यांचं आसतं, कुना एकीच्या घरावर येत न्हाई. मगाशी तुमी एकदम इचारलं, आमचं ठरलं नव्हतं, म्हून गप ऱ्हायलो. आता ठरलं.”

सर हळूच खुर्चीत बसले.

“दुसरं. ह्या पोरीनं आमच्या गावाला ‘क’ म्हनलंय. आमच्या गावाला नाव हाय. त्ये का न्हाई घातलं?”

यास्मिन म्हणाली, “हिराबाई, तुम्ही सांगितलेलं वाचून उद्या कुणी तुमच्यावर राग धरू नये म्हणून.”

हिराबाईनं क्षणभर विचार केला. मागच्या बायकांकडे वळून पाहिलं. एक-दोघींनी माना डोलावल्या. “मंग ऱ्हाऊ दे ‘क’,” ती म्हणाली. “आन तिसरं. पोरीला पास करावं असा आमचा ठराव हाय. सूचक मी. अनुमोदन ह्या समद्या.”

सगळ्या बायकांचे हात वर झाले. शेवटच्या रांगेत यास्मिनच्या अब्बांचाही झाला, मग त्यांना आपण नात्यातले आहोत हे आठवलं आणि त्यांनी तो घाईनं खाली घेतला. हॉल हसायला लागला. परीक्षक सरही हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, “मी अहवालात लिहिलं होतं की पुरावा दिसत नाही. तो मला आत्ता खिडकीतून दिसला. ते प्रकरण आहे तसं राहू द्या. माझी एकच सूचना आहे, ते सगळ्यात आधी घ्या.” कदम सरांनी पदवीची शिफारस वाचून दाखवली. मी उठले ती सरळ स्वच्छतागृहात गेले आणि तिथे मनसोक्त रडले. आनंदानं रडायला मला कधी लाज वाटली नाही, पण मार्गदर्शकाला तेवढी आडोशाची गरज असते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. ‘यास्मिन शेख यांना पीएच.डी.’ शेवटी लिहिलं होतं, ‘यावेळी ग्रामस्थ महिलाही उपस्थित होत्या.’ पुढे यास्मिनची विभागात रीतसर निवड झाली. अब्बांनी अख्ख्या बाजारात मिठाई वाटली आणि कॅम्पातल्या जवानांना युनिफॉर्मबरोबर पेढा मिळाला.

त्यानंतरच्या ग्रामसभेला गावानं यास्मिनच्या अभिनंदनाचा ठराव ठेवला. मलाही बोलावणं आलं. अब्बा म्हणाले, “मॅडमजी, मलाही हे ‘क’ बघायचंय,” म्हणून तेही निघाले. जीपमध्ये ते सगळा वेळ डोक्यावरची टोपी धरून बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा बायका शाळेच्या ओट्यावर जमलेल्या होत्या. आम्हाला पाहून हिराबाई म्हणाली, “तुमी जरा भायेर बसा. आमचं व्हायचंय अजून.” मग एक निवृत्त विभागप्रमुख, एक नवी प्राध्यापिका आणि एक शिंपी असे आम्ही तिघं आवारात हातपंपाशेजारी बसून राहिलो. ओट्यावरून भांडणाचा आवाज येत होता. मी इतकी निवांत क्वचितच कुठे बसले असेन.

सभा सुरू झाली. सरपंचांनी अभिनंदनाचा ठराव मांडला, टाळ्या झाल्या, नारळ आणि शाल झाली. मग बायकांच्या बाजूनं हिराबाई उठली. “आमचा सवाल हाय. पोरगी पास झाली. शिकनारी मानसं येत्यात, इचारत्यात, लिवून नेत्यात आन परत दिसत न्हाईत. आता हिचं काम सपलं. हिनं हितनं पुडं यायचं का न्हाई? आन येताना कालेजच्या पोरी घिऊन यायच्या का न्हाई? आत्ता सांगावं.”

सगळं गाव यास्मिनकडे पाहायला लागलं. परीक्षकांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारी ही मुलगी शाल धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे भरले होते. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा ओट्यावरच्या बायकांकडे. अब्बा पुढे सरकून बसले होते. सरपंचांना अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, “बोला मॅडम. सभेला उत्तर पायजे.”

“ऱ्हाऊ द्या सरपंच,” हिराबाई म्हणाली आणि खाली बसली. “गप हाय, म्हंजी तिचं ठरलंय.”